खड्डा नेमका कुणाचा?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं. या वेळी : राष्ट्रीय महामार्ग आणि त्यांची देखभाल

मृग तोंडावर आला की रस्त्यांबद्दलच्या पत्रांचा ढीग पडतो. महामार्गांची बांधणी आणि देखभाल जवळून माहीत असलेल्या अभियंत्यांपुढे त्यातली निवडक पत्रं ठेवली. एकाच मुद्द्यावरची पत्रं एकत्र केली आहेत.

ठाण्याहून नाशिकला नेहमी जाणं होतं. वाटेतल्या खड्ड्यांची तक्रार एका कार्यालयात केली, त्यांनी दुसऱ्याकडे बोट दाखवलं. रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे, मग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण त्याला जबाबदार नाही का?
— एक वाचक, ठाणे

असेलच असं नाही. ‘राष्ट्रीय महामार्ग’ हा रस्त्याचा दर्जा झाला. तो सांभाळतो कोण, हा वेगळा प्रश्न. मालकी केंद्राच्या रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाची, पण मंत्रालय स्वतः खडी-डांबर टाकत नाही. प्राधिकरणाचा कायदा १९८८चा, प्रत्यक्ष काम सुरू झालं १९९५ मध्ये. देशात आज सुमारे १ लाख ४६ हजार किलोमीटर राष्ट्रीय महामार्ग आहेत आणि त्यातला बराच भाग प्राधिकरणाकडे नाहीच. तो राज्यांच्या सार्वजनिक बांधकाम विभागातल्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे आहे. सरहद्दीवर सीमा रस्ते संघटना आहे, ईशान्येकडे आणखी एक वेगळं महामंडळ.

तुमच्याच रस्त्यावर माजिवडा ते वडपे या तुकड्याचं रुंदीकरण राज्य रस्ते विकास महामंडळाकडे, म्हणजे एमएसआरडीसीकडे सोपवलेलं आहे. वडप्याच्या पुढे नाशिकच्या दिशेनं प्राधिकरणाची हद्द सुरू होते. मुंबई-गोवा महामार्गावरही हाच प्रकार. पनवेल ते इंदापूर प्राधिकरणाकडे (हे इंदापूर रायगडातलं, माणगावजवळचं, पुणे जिल्ह्यातलं नव्हे) आणि तिथून पुढे सिंधुदुर्गापर्यंतचं चौपदरीकरण बांधकाम विभागाच्या महामार्ग शाखेकडे. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग आणि समृद्धी हे तर एमएसआरडीसीचेच. त्यामुळे ‘हायवेवर खड्डा आहे’ एवढ्या तक्रारीला तीन कार्यालयं तीन दिशा दाखवतात, आणि गंमत म्हणजे तिघांचंही कागदोपत्री बरोबर असतं.

उपाय रस्त्याच्या कडेलाच आहे. किलोमीटरचा दगड पाहा. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग. दोन किलोमीटरच्या मध्ये दर २०० मीटरवर छोटे दगड असतात, त्यावरून मीटर कळतात. तक्रार अशी लिहा (उदाहरण पुणे-नाशिक रस्त्याचं) : ‘राष्ट्रीय महामार्ग ६०, कि.मी. १४२/४००, नाशिककडे जाणारी बाजू, दुभाजकाकडची मार्गिका, सुमारे १ मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद.’ सोबत दगड दिसेल असा एक फोटो. अभियंत्याच्या भाषेत या आकड्याला साखळी क्रमांक म्हणतात. तो नसला की तक्रार कोणत्या कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलावर टाकायची हेच ठरत नाही.

तक्रारीसाठी १०३३ हा चोवीस तास चालणारा क्रमांक आहे आणि २०२३ मध्ये आलेलं ‘राजमार्गयात्रा’ अ‍ॅप आहे. अ‍ॅपवरून फोटोबरोबर ठिकाणही जातं. प्राधिकरणाची प्रादेशिक कार्यालयं मुंबईत आणि नागपुरात आहेत. त्यांच्या हाताखाली जागोजागी प्रकल्प अंमलबजावणी कार्यालयं असतात, तिथला प्रकल्प संचालक हा तुमच्या पट्ट्याचा खरा धनी. पत्र त्याच्याच नावे धाडा, दिल्लीला नको.

एक सूचना. २०१० मध्ये सगळे क्रमांक बदलले, तरी लोकांच्या तोंडी अजून जुनेच आहेत. जुना ४ आणि ८ मिळून आताचा ४८ झाला, कोकणातला १७ आता ६६ आहे, पुणे-सोलापूरचा ९ आता ६५. नव्या पद्धतीत सम क्रमांक साधारण उत्तर-दक्षिण धावतात, विषम पूर्व-पश्चिम. तीन आकडी क्रमांक म्हणजे फाटा : १६० हा ६०चा, १६६ हा ६६चा. जुन्या क्रमांकानं केलेला अर्ज भलत्याच राज्यात पोचू शकतो.

खड्डा भरतात आणि आठ दिवसांत तो पुन्हा तिथेच, उलट थोडा मोठा. डांबरात भेसळ असते की भरण्यात चूक?
— संगमेश्वर, संगमनेर आणि मुरूड येथील वाचक

डांबराला उगाच बोल लागतो. बहुतेक वेळा दोष भरण्याच्या पद्धतीत आणि पाण्याच्या वाटेत असतो.

आधी खड्डा पडतो कसा ते पाहू. डांबरी थराला केसासारखी भेग जाते. तिच्यातून पाणी आत मुरतं. वरून ट्रकचं चाक गेलं की अडकलेल्या पाण्यावर दाब येतो आणि ते खडीवरचं डांबर सोलून काढतं. चाक पुढे गेलं की पाणी वर येतं, येताना खालची बारीक कच घेऊन येतं. भेगेच्या कडेला पांढुरकी माती दिसायला लागली की खाली पोकळी होतेय असं समजा. हजारो चाकांनंतर वरचं कवच खचतं. आपल्याला खड्डा दिसतो त्या दिवशी त्याचं वय काही आठवड्यांचं असतं.

म्हणून नुसता वरचा खळगा बुजवून भागत नाही. खड्ड्याभोवती, चांगला भाग लागेपर्यंत, खडूनं चौकोन आखायचा. कटरनं त्या रेषेवर सरळ उभी कड कापायची. खड्डा बशीसारखा उतरत्या कडांचा राहिला तर कडेचा पातळ थर चाकाखाली टिकत नाही. मग ढिली खडी घट्ट थर लागेपर्यंत काढायची, कॉम्प्रेसरच्या हवेनं धूळ उडवायची आणि ओल पूर्ण सुकवायची. तळाला व चारही कडांना डांबरी इमल्शनचा (पाण्यात मिसळलेल्या डांबराचा) हात द्यायचा, चौरस मीटरला साधारण पाव किलो. तपकिरी इमल्शन काळं पडेपर्यंत थांबायचं, म्हणजे त्यातलं पाणी गेलं. त्यानंतर मिश्रण भरायचं. खोली ७५ ते १०० मिलिमीटरच्या वर असेल तर दोन थरांत, प्रत्येक थर वेगळा दाबून. शेवटी पातळी शेजारच्या रस्त्यापेक्षा तीन-चार मिलिमीटर उंच ठेवायची, कारण वाहतुकीखाली ते आणखी थोडं बसतं. खड्डा खडीच्या थरापर्यंत उतरला असेल तर आधी तो थर भरून कुटायचा, डांबर त्यानंतर.

हिशेब करून पाहा. १ मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि ७५ मिलिमीटर खोल खड्ड्याला दाबून बसलेलं मिश्रण सुमारे १०३ किलो लागतं. ढिलं असताना त्याची उंची ९५ मिलिमीटरच्या आसपास दिसते. कामावरची माणसं फावड्यानं रस्त्याच्या पातळीइतकं ढिलं मिश्रण टाकून निघून गेली, तर दाबल्यावर तिथे दीड-दोन सेंटिमीटरचा खळगा उरणारच. पहिल्याच सरीत त्यात पाणी साचतं.

तापमानही महत्त्वाचं. व्हीजी-३० जातीच्या डांबराचं गरम मिश्रण पसरताना किमान १४० अंश सेल्सिअस हवं आणि रोलरचं काम ९० अंशांच्या आत उतरण्यापूर्वी संपायला हवं. प्लांटपासून दोन तास उघड्या ट्रॉलीत आलेलं मिश्रण वरून राखाडी, गुठळ्यांचं दिसतं. त्यावर रोलर कितीही फिरवला तरी पोकळ्या मिटत नाहीत.

भरलेला खड्डा कसा बिघडला यावरून चूक ओळखता येते. ठिगळ भाकरीसारखं आख्खंच निघून आलं, तर खाली धूळ किंवा ओल होती, नाहीतर इमल्शन मारलंच नव्हतं. कडा झिजत गेल्या तर कटर चालवलेला नाही. पूर्ण ठिगळ जागच्या जागी खचलं तर खालचा थर ओला आहे. उन्हात वर काळं तेल येऊन चकचकलं तर डांबर जास्त झालं. तक्रारीत यातलं एक वाक्य घातलंत तर समोरच्यालाही जपून उत्तर द्यावं लागतं.

ऐन पावसात गरम डांबराचं काम करता येत नाही, तसा नियमच आहे. त्या वेळी पोत्यांतून येणारं थंड मिश्रण वापरतात. ते बरं असतं, पण त्यालाही कड कापणं, साफ करणं आणि दाबणं चुकत नाही. खड्ड्यात पेव्हर ब्लॉक बसवण्याची जी रीत आपल्याकडे पडली आहे ती मात्र चार दिवसांची सोय. ब्लॉकखालची ढिली कच पाणी धरून ठेवते आणि खड्ड्याच्या कडा आतून भिजवत राहते.

आता पाण्याच्या वाटेविषयी, कारण खरं दुखणं तिथे आहे. डांबरी रस्त्याला मधून कडेकडे अडीच टक्के उतार देतात, म्हणजे साडेतीन मीटरच्या एका मार्गिकेत जवळपास नऊ सेंटिमीटरचा. एवढा उतार असूनही पाणी अडतं ते साइडपट्टीपाशी. वर्षानुवर्षं माती आणि गवत साचून साइडपट्टी डांबरापेक्षा उंच होते आणि रस्त्याचा पन्हळ बनतो. चौपदरी रस्त्याच्या वळणावर दोन्ही बाजू एकाच दिशेला कललेल्या असतात. वरच्या बाजूचं सगळं पाणी दुभाजकापाशी येतं आणि तिथल्या गटाराची भोकं मातीनं बुजलेली असतात. वळणावर दुभाजकाला लागूनच खड्ड्यांची माळ का असते, याचं उत्तर हे. मे महिन्यात साइडपट्टी खरवडणं, मोऱ्या उपसणं, चर मोकळे करणं आणि भेगांत डांबर भरणं ही चार कामं झाली तर जुलैत निम्मे खड्डे पडत नाहीत. पण या कामांचं उद्घाटन होत नाही.

ठेकेदारावर किती दिवसांत दुरुस्तीचं बंधन असतं? ते सामान्य माणसाला कळू शकतं का?
— निवृत्त शिक्षिका, लातूर

कळू शकतं, आणि विचारायलाच हवं. कोणता करार आहे यावर सगळं अवलंबून असतं.

सरकारी पैशानं ठेकेदाराकडून थेट बांधून घेतलेल्या रस्त्याला दोषदायित्व कालावधी असतो. डांबरी रस्त्याला साधारण ५ वर्षं, काँक्रीटला १० वर्षं. या काळात बिघाड झाला तर ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचं. २०१६ पासून ‘हॅम’ नावाची पद्धत रूढ झाली. तिच्यात बांधकाम चालू असताना सरकार खर्चाच्या ४० टक्के देतं आणि उरलेले पैसे पुढच्या १५ वर्षांत सहामाही हप्त्यांनी. तोवर देखभाल त्याच कंपनीची. ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ करारात टोल गोळा करणारी कंपनीच, म्हणजे सवलतधारक, देखभाल करते. यातलं काहीच लागू नसेल तिथे एक-दोन वर्षांचे किंवा पाच-सात वर्षांचे देखभालीचे वेगळे ठेके काढतात. सगळ्यांत आबाळ होते ती दोन करारांच्या मधल्या पोकळीत. जुना संपलेला, नव्याची निविदा उघडायची आहे आणि मध्ये एक पावसाळा.

सवलत करारांच्या देखभाल परिशिष्टात मुदती नोंदवलेल्या असतात. खड्ड्याला करारानुसार २४ ते ४८ तास. रस्त्यावर सांडलेला राडारोडा काढायला ६ तास. रस्ता तुटला किंवा बंद झाला तर २४ तासांत तात्पुरती वाट, १५ दिवसांत कायमची दुरुस्ती. एका किलोमीटरमधल्या पाच टक्क्यांहून जास्त पृष्ठभागावर भेगा असतील तर ३० दिवस. चाकोरी १० मिलिमीटरपेक्षा खोल गेली तरी तसंच. साइडपट्टी डांबरापासून ४० मिलिमीटरहून जास्त खाली गेली तर ७ दिवस, आणि दुचाकीवाल्यांसाठी ही सर्वांत घातक गोष्ट आहे. मुदत चुकली की दंड, तो ठेकेदाराच्या पैशातून कापायचा.

माहितीच्या अधिकारात, १० रुपये शुल्क भरून, तीनच गोष्टी मागा : तुमच्या किलोमीटरसाठी लागू असलेल्या कराराचा प्रकार व दोषदायित्व संपण्याची तारीख, देखभाल परिशिष्टाची प्रत, आणि गेल्या सहा महिन्यांत मुदत चुकल्याबद्दल कापलेली रक्कम. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा सर्वांत बोलकं असतं. जमल्यास सर्वेक्षण वाहनाचा ताजा अहवालही मागा. लेझर आणि कॅमेरे लावलेली ही गाडी वाहतुकीच्या वेगानं जाता जाता भेगा, चाकोऱ्या आणि खडबडीतपणा मोजते. खडबडीतपणा किलोमीटरला मिलिमीटरमध्ये सांगतात. नवा डांबरी रस्ता २०००च्या आत हवा, ३०००च्या पुढे गेला तर पाठीला कळतंच.

आमच्याकडे काँक्रीटचा महामार्ग झाला. ‘तीस वर्षं बघायला नको’ असं ऐकलं होतं, पण दोनच वर्षांत तडे आहेत. शिवाय एक चौकोन दुरुस्त करायला महिना का लागतो?
— कापूस व्यापारी, परभणी

काँक्रीटला तडा जाणारच; तो कुठे जावा हे आपण ठरवायचं असतं. म्हणून दर साडेचार मीटरवर आडवा काप घेतात, जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत. तडा त्या कापाखाली लपून जातो. हा काप काँक्रीट ओतल्यावर काही तासांतच घ्यावा लागतो. लवकर घेतला तर कडा तुटतात, उशीर झाला तर काँक्रीट स्वतःच्या मर्जीनं वाटेल तिथे फुटतं. दोन कापांच्या मधोमध असलेला वेडावाकडा आडवा तडा बहुधा त्या उशिराची खूण असतो.

रस्त्याच्या लांबीत धावणारा तडा मात्र तुमच्या काळ्या मातीची करामत असू शकतो. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आटते, आणि कडेची माती मधल्यापेक्षा जास्त हलते. खाली न फुगणाऱ्या मुरमाचा पुरेसा थर नसेल किंवा मातीत चुना मिसळून ती बसवलेली नसेल, तर वर ३०० मिलिमीटर काँक्रीट घालूनही फायदा नाही. अशा तड्याला तिरपी भोकं पाडून १२ मिलिमीटरच्या सळया इपॉक्सीत बसवतात, टाके घातल्यासारख्या. आडवा तडा तळापर्यंत गेला असेल तर पूर्ण जाडीचा तुकडा काढून नवा ओततात. त्याला १४ दिवस ओलं ठेवायचं आणि नेहमीच्या काँक्रीटवर २८ दिवस वाहतूक सोडायची नाही. महिना लागतो तो असा. लवकर बळ धरणारं काँक्रीट मिळतं, पण महाग.

‘बघायला नको’ ही समजूत चुकीची. सांध्यातलं रबरासारखं भरण काही वर्षांत सुटतं. ते वेळेवर बदललं नाही तर खडे आत शिरून कडा फोडतात आणि पाणी थेट खाली जातं.

टोल ठरतो कसा? रस्ता खराब असेल तर टोल नाकारता येतो का? वार्षिक पास घ्यावा का?
— कोल्हापूर, बारामती, चाळीसगाव येथून बरीच पत्रं

दराचं मूळ २००८च्या नियमांत आहे. २००७-०८ साठी मोटारीला किलोमीटरमागे ६५ पैसे, हलक्या मालवाहू गाडीला १ रुपया ५ पैसे, बस-ट्रकला २ रुपये २० पैसे. या दरांत दर वर्षी मूळच्या ३ टक्के आणि घाऊक महागाईवाढीच्या ४० टक्के इतकी भर १ एप्रिलला पडते. रक्कम पाचाच्या पटीत आणतात. पक्क्या साइडपट्टीच्या दुपदरी रस्त्याला ६० टक्केच दर लागतो.

पूल आणि बोगदे वेगळे मोजतात. त्यांची लांबी दहापट धरतात, म्हणून छोट्या पट्ट्यालाही टोल मोठा येतो. जुलै २०२५ पासून त्याला लगाम आहे : पूल-बोगद्यांची दहापट अधिक उरलेला रस्ता, किंवा संपूर्ण पट्ट्याची पाचपट, यांतलं जे कमी ते. ६० किलोमीटरमध्ये ६ किलोमीटर पूल असतील तर ६० अधिक ५४ म्हणजे ११४ किलोमीटरचा टोल. चाळीसच्या चाळीस किलोमीटर उन्नत मार्ग असेल तर पूर्वी ४००, आता २००.

दोन नाक्यांत ६० किलोमीटर अंतराचा नियम आहे, पण त्याला अपवादही नियमातच आहेत. म्हणून नुसतं अंतर मोजून भांडण जिंकता येत नाही. खराब रस्त्याच्या नावाखाली नाक्यावर टोल नाकारण्याचा हक्क नाही. दाद न्यायालयात मिळू शकते. केरळमध्ये महामार्ग ५४४वरच्या पलियेक्करा नाक्याची वसुली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये थांबवली आणि सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. पुढे ऑक्टोबरात ती अटींसह सुरू झाली. त्या खटल्यात लोकांच्या बाजूनं होत्या तारखा, फोटो आणि तासन्‌तासांच्या कोंडीच्या नोंदी.

रोजच्या उपयोगाचं : २४ तासांत परतलात तर दोन्ही फेऱ्यांचे मिळून दीडपट पैसे. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहत असाल आणि गाडी खासगी असेल तर मासिक पास मिळतो, तो २००७-०८ मध्ये १५० रुपये होता आणि दर वर्षी थोडा वाढतो. फास्टॅग वैध असून शिल्लक आहे, पण नाक्याचं यंत्रच वाचत नाही, अशा वेळी शून्य रकमेची पावती घेऊन फुकट जाण्याचा नियम २०१८ पासून आहे. फास्टॅग नसेल तर १५ नोव्हेंबर २०२५ पासून रोखीला दुप्पट, यूपीआयनं सव्वापट असा नियम आला.

वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ ला ३,००० रुपयांना सुरू झाला : वर्षभर किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते, फक्त खासगी मोटारींसाठी. नाका ओलांडला की एक फेरी. कोल्हापूरहून पुण्याला महिन्यातून दोनदा जाणाऱ्याला तो परवडतो. पण द्रुतगती मार्ग, समृद्धी, अटल सेतू इथे तो चालत नाही, तिथे नेहमीसारखे पैसे कापले जातात. कोल्हापूर-मुंबई करणाऱ्यांनी हिशेब करताना हे धरावं.

दोन टन जास्त भरले तर रस्त्याचं असं किती बिघडतं?
— ट्रकमालक, मालेगाव

वजन आणि नुकसान यांचं नातं सरळ नाही, ते साधारण चौथ्या घातानं वाढतं. रस्त्याची रचना ८.१६ टनांचा एक आस (अ‍ॅक्सल) हे माप धरून करतात. चार टायरच्या एकेरी आसाला परवानगी आहे ११.५ टनांची (२०१८ पूर्वी १०.२ होती). जुन्या मर्यादेत एक आस मापाच्या सुमारे अडीचपट झीज करायचा, नव्या मर्यादेत जवळपास चारपट करतो. त्यावर आणखी दोन टन, म्हणजे साडेतेरा टनांचा आस झाला, की हा आकडा साडेसातपर्यंत जातो. तुमचं भाडं सतरा टक्के वाढलं आणि रस्त्याची झीज जवळजवळ दुप्पट झाली. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार.

महामार्गालगत माझी शेती आहे. हॉटेल काढायचं आहे. रस्त्यावरून थेट वाट काढता येईल का?
— शेतकरी, टेंभुर्णी

परवानगीशिवाय नाही. सेवारस्ता असेल तर वाट त्यावरच काढावी, काम सोपं होतं. थेट वाटेसाठी प्रकल्प कार्यालयाकडे ऑनलाइन अर्ज, सातबारा, मोजणीचा नकाशा, साखळी क्रमांक, जवळचा चौक व पूल यांची अंतरं आणि आत-बाहेर जाण्याच्या मार्गिकांचा आराखडा लागतो. अर्ज बहुधा अडतो तो दोन गोष्टींवर. एक म्हणजे वळणावर किंवा चौकाला खेटून मागितलेली वाट. दुसरी, पाणी. वाटेखाली पाइप-मोरी टाकून कडेचं गटार वाहतं ठेवावंच लागतं, आणि हॉटेलचं सांडपाणी महामार्गाच्या चरात सोडता येत नाही. गटार बुजवून मुरमाचा भराव टाकलेले ढाबे दिसतात, त्यांच्या वरच्या अंगाला शंभर मीटरवर रस्ता हमखास उखडलेला असतो.

इमारतीची जागाही तपासा. ग्रामीण भागात राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटरपर्यंत बांधकाम नको आणि ७५ मीटरपर्यंत ते नियंत्रणाखाली, अशा रेषा आहेत. हद्दीचे दगड शोधून तिथून नव्हे, रस्त्याच्या मध्यरेषेपासून मोजा. रात्रीतून दुभाजक तोडून घेण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. २००२च्या कायद्यानं कारवाई होते, आणि अशा फटीतूनच दुचाक्या ट्रकसमोर येतात.

पुलावरून जाताना ‘खडाक’ आवाज येतो. धोका असतो का?
— वाचक, महाड

पूल तापला की लांबतो, थंडावला की आखडतो. त्यासाठी ठेवलेल्या फटीवर लोखंडी पट्ट्या आणि मध्ये रबर असतं. हलकी टकटक चालते. आवाज धातूचा, जोराचा आणि रोज वाढत असेल तर पट्टीला धरून ठेवणारे नांगर सुटलेत, कळवायला हवं. रबर फाटलं असेल तर पाणी खाली टेकूंवर गळतं, ते जास्त वाईट.

पण पुलाचं मरण बहुधा वर दिसत नाही. तुमच्याच गावाजवळ २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीच्या पुरात ब्रिटिशकाळातला पूल कोसळला. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहून ५ जून २०१७ ला खुला झाला. पुरात पायाभोवतीची वाळू-माती वाहून जाते आणि पूर ओसरताना खड्डा पुन्हा गाळानं भरतो, त्यामुळे नंतर पाहणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा पाहणी लागते. ऑक्टोबर २०१६ पासून देशातल्या पुलांना क्रमांक आणि स्थितीचे गुण देणारी नोंदपद्धती सुरू झाली. गुण कमी म्हणजे पूल उद्या पडणार असं नाही. आधी कुणाला तपासायचं त्याची ती रांग आहे.

भर दुपारी वेगाच्या मार्गिकेत टँकर उभा करून दुभाजकातल्या झाडांना पाणी घालतात. ती झाडं हवीतच कशाला?
— बसचालक, सोलापूर

झाडं समोरच्या गाड्यांच्या दिव्यांची तिरीप अडवतात. कण्हेर आणि बोगनवेल लावतात कारण त्यांना पाणी कमी लागतं, आणि कण्हेर विषारी असल्यानं गुरं तिला तोंड लावत नाहीत. तिथे वड-पिंपळाची रोपं दिसली तर ती चूक आहे, खोड जाड झालं की तो खांबच होतो.

टँकरबद्दल तुमची तक्रार रास्त आहे. ताशी १०० किलोमीटर वेगानं गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. मागे लाल झेंडा घेऊन उभा असलेला एक मुलगा म्हणजे सुरक्षाव्यवस्था नव्हे. अर्धा-एक किलोमीटर आधीपासून फलक, मार्गिका हळूहळू बंद करणारे शंकू, टँकरमागे लुकलुकणारा बाणफलक, एवढं हवंच. वळणावर किंवा चढाच्या माथ्यापलीकडे टँकर उभा करूच नये. पाणीही झाडाच्या बुंध्याशी, बेतानं. पाइप सोडून दिला की ते पाणी दुभाजकाखालून डांबराच्या थरात मुरतं आणि पुढच्या वर्षी तिथेच चाकोरी पडते. शंकूंशिवाय टँकर दिसला तर पुढच्या थांब्यावर बस थांबवून १०३३ वर किलोमीटर, बाजू आणि वेळ सांगा. नोंदणी क्रमांक मिळाला तर तोही.